खरवडलेला शब्द

मेस्सीनाच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत कुणी वारलं, की आधी पाद्र्याकडे माणूस धाडायचा की पेर्नाकडे, यावरून मढ्याच्या उशाशी वाद व्हायचे. पाद्री आत्म्याचं बघेल, ते ठीकच आहे. पण केस मोकळे सोडून, छाती बडवत, गेलेल्याचं एकेक काढून चालीवर सांगायचं आणि ज्या शेजाऱ्याचं मयताशी उभ्या जन्मात पटलं नाही त्यालाही हुंदका फोडायचा, हे पाद्र्याचं काम नव्हे. ते पेर्नाचं. तिची आई हेच करायची. पेर्ना नवव्या वर्षी आईशेजारी बसायला लागली आणि सतराव्या वर्षी आईच्याच मढ्यावर रडली, ते इतकं सुरेख की लोक आईला विसरून मुलीचं कौतुक करत घरी गेले.

आधी ठरवलेलं असं तिचं काही नसायचं. मयताचे हात बघायचे, विधवेला दोन प्रश्न विचारायचे आणि सुरू व्हायचं. ओळीच्या शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या शेवटाशी जुळला की ती म्हणायची, "कडी बसली." कडी बसली नाही तर बाईमाणसाला रडू फुटत नाही, असं तिचं ठाम मत. याला यमक म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. लिहिता-वाचता येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

लिहिणारा तिचा नवरा. बासिली किल्ल्याच्या दफ्तरात नकलनवीस होता. कपाळावर कायम आठी, बोटांना शाई, आणि बायको काय करते असं दफ्तरात कुणी विचारलं की "शिवणकाम करते" म्हणायची सवय. मयताच्या घरून आलेली पाव-मटारची परडी मात्र हा गृहस्थ पुसून खायचा. दफ्तरात सगळं लॅटिनमध्ये चाले. ग्रीक चाले, अरबी चाले. घरात आणि बाजारात जी बोली बोलतात ती मात्र कुणी लिहायच्या कातड्यावर उतरवत नसे. कोण कशाला उतरवेल? मासे लॅटिनमध्ये विकत नाहीत आणि जमिनीची खरेदी मासळीवाल्यांच्या भाषेत होत नाही. अलीकडे तेवढं एक नवं खूळ निघालं होतं. सम्राटाच्या दरबारातले मोठे नोटरी, सरदार, ससाणे पाळणारे उमराव आपल्याच बोलीत प्रेमाची गाणी रचत होते आणि ती चक्क लिहून ठेवत होते. दरबार समुद्रापलीकडे गेलेला, पण खूळ दफ्तरात मागे राहिलं होतं.

दरबार गेला त्याच साली मेस्सीनात बंड झालं, मोडलं गेलं, आणि फाशीचे खांब उभे राहिले.

मंगळवारी सकाळी पेर्ना सार्वजनिक भट्टीवर कणकेचे गोळे घेऊन उभी होती. बासिली रात्री घरी आला नव्हता, पण दफ्तरातच नकला करत बसला असेल असं तिनं धरलं होतं. तेवढ्यात किल्ल्यावरचा पहारेकरी गाल्गानो धापा टाकत आला. गल्लीतलाच पोरगेला शिपाई. त्याच्या बापावर पेर्ना रडली होती, त्यामुळे तो तिला काकू म्हणायचा.

"काकू, चला. काकांना धरलंय."

"कुणी? कशासाठी?"

"काल संध्याकाळी किल्ल्याच्या दारावर झडती झाली. झोळीत कातड्याचा तुकडा सापडला. आपल्या बोलीत लिहिलेला."

"मग? लिहिणं हेच काम आहे ना त्याचं?"

"तसं नाही हो काकू!" गाल्गानोनं इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "आपल्या बोलीत कोण लिहितं? ज्याला लॅटिन येत नाही त्याला निरोप द्यायचा असेल तोच ना? नवा न्यायाधीश आलाय समुद्रापलीकडच्या पिसा शहरातला, बोनाकोर्सो नावाचा. तो म्हणतो, हा बंडवाल्यांना निरोप आहे. काका म्हणतात, गाणं आहे. गाणं निघालं तर सुटले. निरोप निघाला तर दुपारच्या घंटेला दोर."

पेर्नानं कणकेची परात शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि पीठ लागलेल्याच हातांनी निघाली. "गाणं?" वाटेत तिनं एकदाच विचारलं. "याला कधीपासून गाणं यायला लागलं?"

बंदरावरून जाताना काल टांगलेले तिघे अजून खांबावरच होते. त्यातल्या एकाला ती ओळखत होती, पण बंडवाल्यांवर रडायची मनाई होती. तिनं मान खाली घातली आणि पाय उचलला.

न्यायाधीश बोनाकोर्सो खिडकीपाशी बसला होता. बारीक, टक्कल पडलेला, सर्दीनं हैराण झालेला माणूस. दिसायला दुष्ट नव्हता, आणि याचीच पेर्नाला जास्त भीती वाटली. दुष्ट माणसाच्या पाया पडता येतं. हा तर हिशेबानं चालणारा दिसत होता. बाजूला एक म्हातारा कारकून होता, मेस्सीनाचाच. बासिली कुठेच दिसत नव्हता.

"तू नकलनविसाची बायको?"

"हो महाराज."

"लिहिता-वाचता येतं?"

"नाही महाराज."

"हे कातडं पूर्वी पाहिलंस?"

"कातडं काय, महाराज, तो घरी शाईसुद्धा आणत नाही."

"बरं." न्यायाधीशानं नाक पुसलं. "मी स्वतः तीनदा वाचलं. ओळी तोडलेल्या नाहीत, पत्रासारखं सलग लिहिलंय. आता गाणीही अशीच लिहितात, कातडं कमी लागावं म्हणून. तेवढ्यावरून मी त्याला टांगणार नाही. पण गाण्यात यमक असतं. यात नाही. तुझा नवरा म्हणतो, आहे. त्यानं वाचून दाखवलं, पण लिहिणारा वाचताना काहीही फिरवू शकतो. म्हणून तुला बोलावलं. मी वाचतो आणि एका शब्दाआधी थांबतो. तो शब्द तू सांगायचास. हे गाणं असेल आणि तुमच्या बोलीतलं असेल, तर तुझ्या कानाला कळेल. नाही कळलं, तर ते गाणं नाही. समजलं?"

पेर्नाला समजलं. तिनं पिठाचे हात पदराखाली घेतले.

न्यायाधीश वाचू लागला. त्याच्या पिसाच्या उच्चारात प्रत्येक शब्द शेवटी तोंड वासत होता. 'उजेड'ला मेस्सीनात लूची म्हणतात, तो लूचे म्हणाला. "तू होतीस माझ्या घरातली लूचे, आणि आता माझ्या गळ्यात राहिला एक..."

तो थांबला. खिडकीबाहेर बोटीवरचे लोक दोरखंड ओढताना ओरडत होते.

"क्रूची," पेर्ना म्हणाली. क्रूस. तिला विचारही करावा लागला नाही.

न्यायाधीशाच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. "शब्द बरोबर आहे. पण इथे लिहिलंय क्रोचे. लूचे, क्रोचे. कुठे जुळतं?"

"तुमच्या तोंडात नाही जुळत, महाराज. आमच्या तोंडात जुळतं. लूची, क्रूची. कडी बसते की."

"मग त्यानं क्रोचे का लिहिलं?"

पेर्नाला एकदम बासिलीचा स्वभाव डोळ्यांपुढे आला आणि अशा वेळीही राग आला. "त्याला आपली बोली गावंढळ वाटते, महाराज. बाहेर निघताना माणूस अनवाणी पोराला चपला घालतो ना, तसं त्यानं कातड्यावर चढवताना शब्दांना तुमच्याकडचे कपडे घातले असतील. वाचताना स्वतः आपल्यासारखंच वाचत असणार. म्हणून त्याच्या लक्षातच आलं नसेल."

म्हातारा कारकून खाकरला. "मी हेच म्हणत होतो, महाराज. आपले 'इ' आणि 'उ' काढून त्यानं तुमचे 'ए' आणि 'ओ' घातलेत."

"एकदा लागलं ते नशिबानंही लागतं," न्यायाधीश म्हणाला. "पुढचं. 'डोळ्यांना दिलं होतंस तू वेदेरे...' बघणं. 'आणि आता त्याच डोळ्यांना उरलं फक्त...'"

"मुरिरी." मरणं. "विदिरी, मुरिरी."

"इथे लिहिलंय मोरिरे." न्यायाधीशानं कातडं खाली ठेवलं आणि तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "दोन्ही बरोबर."

कारकून हसला. दारातल्या गाल्गानोचा रोखलेला श्वास सुटल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं. पेर्ना मात्र हसली नाही. हे शब्द तिला कळले नव्हते, ते तिला आठवले होते. लूची-क्रूची, विदिरी-मुरिरी. गेल्या मार्चमध्ये मागच्या आळीतल्या रंगाऱ्याच्या मढ्यापाशी बसून, त्याच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघत, त्याच्या बायकोच्या वतीनं तिनं स्वतः रडून सांगितलेल्या ओळी होत्या या. 'तू होतास घरातला उजेड.' तिथे 'होतास' होतं, इथे 'होतीस' झालं. एवढाच फरक. त्या दिवशी बासिली बायकोला सोबत म्हणून आला होता. मयताला कधी न येणारा हा माणूस त्याच दिवशी का आला, हे तिनं विचारलं नव्हतं. तो कोपऱ्यात उभा होता आणि रंगाऱ्याच्या विधवेकडे बघत होता. पेर्नाला वाटलं होतं, आपलं रडणं ऐकतोय.

"आता शेवटचं," न्यायाधीश म्हणाला. "आणि हे नीट ऐक. पहिले दोन सोपे होते. इथे ओळ आहे, 'या दुःखाच्या घटकेला'. तुमच्या बोलीत घटका म्हणजे?"

"ऊरा."

"बरोबर. आणि पुढच्या ओळीत 'मला फक्त एकच आस आहे, ती म्हणजे', आणि मग शेवटचा शब्द चाकूनं खरवडून काढलाय. खिडकीशी धरलं की शेपूट दिसतं. ऊरा." त्यानं बोट टेकवलं. "मूरा. तट. बंडवाले गेल्या महिन्यात तटाच्या कुठल्या दरवाज्यानं आत घेतले गेले, ठाऊक आहे ना? 'या घटकेला, आस एकच, तट.' गाणं असेल, बाई. गाण्याच्या पोटात निरोप घालता येतो. सकाळपासून विचारतोय, काय खरवडलं? सांगत नाही. दहा फटके खाल्ले, तरी नाही. गाणं माझं, शब्द माझे, सगळे मीच रचलेत, अशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. पण हा एक शब्द विचारला की मान खाली. मला सांग, तट नसेल तर जीव वाचवणारा शब्द माणूस लपवेल कशाला?"

पेर्नाला शब्द कळला होता. ऊराशी जुळणारे पाच-सहा शब्द तिच्या ओठांवर होते, पण आस एकच होती आणि ती कोण ते आता तिला माहीत होतं. बासिलीनं दहा फटके का खाल्ले तेही. दरबारी गाण्यांचा रिवाज दफ्तरातून तिच्याही कानावर आला होता. जिच्यावर गाणं केलं तिचं नाव घ्यायचं नाही. जीव गेला तरी नाही. आधी हौसेनं लिहिलं, मग भीतीनं खरवडलं, आणि आता हा मूर्ख माणूस उमराव होऊन फासावर जायला निघाला होता. दुसऱ्या बाईच्या अब्रूसाठी. आपल्या बायकोच्या शब्दांवर बसून.

"पाऊरा," ती म्हणाली. भीती. "आस नाही, भीती असेल, महाराज. जुळतं."

"जुळतं," न्यायाधीश म्हणाला. "पण भीती हा शब्द कोण खरवडेल, बाई? आणि 'आस ती म्हणजे भीती' याला अर्थ काय?" तो उठला. "दुपार होत आली. तुला दुसरं काही सुचत नसेल तर..."

"थांबा."

कारकुनानं लेखणी उचलली. हा कारकून मासळीबाजारात रोज येणारा. गाल्गानोची आई तर गल्लीच्या तोंडाशीच राहते. इथे जे बोललं जाईल ते सूर्य मावळायच्या आत भट्टीवर पोहोचणार, हे पेर्नाला दिसत होतं. बायका कणीक मळता मळता काय म्हणतील, तेही शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

"विन्तूरा," ती म्हणाली.

न्यायाधीशानं तोंड वाकडं केलं. "वेन्तूरा. नशीब. हाही साधाच शब्द. खरवडायचं कारण?"

"नशीब नाही, महाराज. नाव आहे. रंगाऱ्याची विधवा. आमच्या मागच्या आळीत राहते." पेर्नाचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मी त्याची बायको आहे. मी कुणाला सांगणार होते का हे? फासाचा दोर नसता तर माझ्या तोंडून हे नाव निघालं असतं का? मला लाज वाटते, महाराज. त्याला वाटली नाही, म्हणून मलाच वाटून घ्यावी लागते. एवढ्या लोकांत माझा नवरा दुसरीसाठी झुरतो हे मी उगाच सांगेन का?"

न्यायाधीशानं कातडं कारकुनाकडे सरकवलं. कारकुनानं खरवडलेल्या जागेवर नखानं अक्षरं मोजली. "मूरा बसवला तर अर्धी जागा मोकळी राहते, महाराज. विन्तूरा बरोबर बसतो."

"त्याला आणा."

बासिलीला आणलं तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. बायकोला पाहून तो दचकला. न्यायाधीशानं काही विचारलं नाही. फक्त एक शब्द उच्चारला, तोही मेस्सीनाच्या पद्धतीनं, सावकाश. "विन्तूरा."

बासिलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसला. मग बोटांच्या फटीतून पेर्नाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत शरम होती तशीच चीडही होती. नाव सांगितल्याची चीड.

"झालं," न्यायाधीश म्हणाला, पण लगेच त्याच्या कपाळावर आठी पडली. तो पेर्नाकडे वळला. "एक राहिलं. शब्द तू फार पटापट सांगितलेस. लूची म्हटल्यावर क्रूचीच का? आणखी दहा शब्द जुळले असते. तुला हे गाणं आधीच माहीत होतं. तुम्ही दोघांनी मिळून हे रचलं नाही, कशावरून? की हे याचं नाहीच?"

पेर्नानं बासिलीकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. बायबलवर खोटी शपथ घेणाऱ्याचा हात तोडतात, हे मेस्सीनात पोरालाही ठाऊक होतं. उजवा हात. एक वाक्य पुरेसं होतं: महाराज, हे शब्द माझे आहेत, अख्खी आळी साक्ष देईल, रंगाऱ्याच्या मढ्यापाशी मी रडले तेव्हा पन्नास माणसं होती. खरं तेच होतं. आणि कातड्यावर चढलेले तिचे पहिले आणि शेवटचे शब्द होते ते. पुढे ते कोण गाईल, कुठे जातील, कुणाला माहीत? ते बासिलीच्या नावानं जाणार होते.

तिला ते वाक्य बोलायचं होतं. इतकं बोलायचं होतं की दात दुखले.

"मी मयतावर रडणारी बाई आहे, महाराज," ती म्हणाली. "उजेड गेला की क्रूस येतो, बघणं गेलं की मरणं येतं. आमच्याकडे सगळ्याच बायका असं रडतात. त्यात माहीत असण्यासारखं काय आहे? गाणं त्याचंच."

"लिहा," न्यायाधीश कारकुनाला म्हणाला. "गाणं. रचणारा, नकलनवीस बासिली. निरोप नाही. सोडा." आणि त्यानं परत नाक पुसलं. "आणि तुमच्या बोलीत नीट उतरवून एक प्रत मला द्या. वाईट नाही."

किल्ल्याच्या पायऱ्यांवर ऊन रणरणत होतं. दुपारची घंटा वाजली तेव्हा बासिली घंटा संपेपर्यंत भिंत धरून उभा राहिला. मग त्यानं तिच्या दंडाला धरायला हात पुढे केला.

"पेर्ना, तू मला वाचवलंस. पण ते नाव... ते नाव घ्यायला नको होतंस गं. गाण्याचा एक रिवाज असतो. तुला नाही कळायचं. मी काय म्हणतो, ते यमक..."

त्याच्या तोंडावर तरी इतकी वर्षं ती त्याला 'अहो'च म्हणत आली होती.

"गप्प बस," ती म्हणाली. "घरी ये. भाकरी मिळेल, पाठीला तेल लावीन. पण आजपासून माझ्यासमोर तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. तुझ्या तोंडात जे काही चांगलं आहे ते माझं आहे, आणि ते मी आज तुझ्या नावावर करून आले. आता उरलेलं मला ऐकायचं नाही. कळलं?"

बासिलीनं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

त्यानंतर तो चौदा वर्षं जगला. दफ्तरात बोलायचा, बाजारात बोलायचा, म्हणे गायचाही. घराचा उंबरठा ओलांडून आत आला की मुका. मीठ हवं असेल तर बोटानं दाखवायचा. रंगाऱ्याची विधवा त्याच वर्षी भावाकडे कतानियाला निघून गेली. शेजारपाजारच्या नव्या सुनांना वाटायचं, किल्ल्यात फटके मारले तेव्हा बिचाऱ्याची वाचा गेली असावी. त्या हळहळायच्या, आणि अशा नवऱ्याला सांभाळते म्हणून पेर्नाचं कौतुक करायच्या. पेर्ना ऐकून घ्यायची आणि त्याच्या ताटात भाकरी वाढायची.